दूध नाही, गॅस लावला

आजीला जन्मतारीख नव्हती. म्हणजे रेशनकार्डावर होती, १ जून. पण ती शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून दिलेली. तिच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय. तिला स्वतःला एवढंच ठाऊक होतं, की आपण धोंड्याच्या महिन्यातल्या. "माझा वाढदिवस तीन वर्षांतून एकदा, आणि तोही जावई खाऊन जातात," असं म्हणत ती अनारसे तळायला बसायची.

काळ मोजायची तिची पद्धत निराळी होती. धाकटी आत्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी पोटात. न्हाणीघराला पत्रे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट आमच्या घरात अजून काल-परवाची असल्यासारखी सांगितली जाते. पुढं १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं. ते आमच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारच्या खिळ्यावर येऊन बसलं आणि आजीला लिहायला चौकटी मिळाल्या.

खिळ्यालाच सुतळीनं शिसपेन्सिल बांधलेली असे. तिला कुणी हात लावायचा नाही. 'दू' म्हणजे दुधाचा खाडा, 'ग्या' म्हणजे नवं सिलिंडर लावलं, 'दळण', 'पेपरवाला दिले'. इंदिरा गांधी गेल्या त्या ३१ ऑक्टोबर १९८४च्या चौकटीत 'रॉकेल ५ लि.' एवढंच आहे. देशाचं जे व्हायचं ते होवो, स्टोव्ह पेटला पाहिजे. एखाद्या महिन्यात मात्र 'ताई आली' असं दिसतं, आणि पुढच्या ओळीत कुठंतरी 'ताई गेली'. मधल्या चौकटी कोऱ्या. ना दूध, ना दळण. लेक माहेरी असताना आजी हिशेब ठेवायचीच नाही. दूधवाल्यानं त्या दिवसांचं काय लावलं देव जाणे.

छापलेल्या अक्षरावर तिची श्रद्धा चंद्रापेक्षा जास्त होती. पावसाळ्यातल्या संकष्टीला आम्ही पोरं गच्चीवर माना मोडून ढगात बघत बसायचो, आजी खाली पानं वाढायला घ्यायची. "चंद्र दिसला नाही अजून," म्हटलं की म्हणायची, "त्याची वेळ झालीय. तो आलाय. तुम्हाला दिसत नाही तो भाग वेगळा." त्यात घड्याळ दहा मिनिटं पुढं. तक्रार कोण करणार, मोदक समोर असताना?

बाबा, काका, आत्या तिला वहिनी म्हणायचे. धाकट्या दिरांचं ऐकून पोरांनी उचललेलं, ते तसंच राहिलं. पिठोरी अमावास्येच्या चौकटीत 'मातृदिन' असं छापलेलं असतं, त्याखाली ती दरवर्षी रेघ ओढायची. त्या संध्याकाळी खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून ती पाटावर पाठमोरी बसायची आणि विचारायची, "अतीत कोण?" मागून बाबांनी म्हणायचं, "मी." ताट मागं जायचं. पुन्हा "अतीत कोण?", मग काका. बाबा रिटायर झाले, डोक्यावरचे केस गेले, गुडघे धरून उठायला लागले. तरी त्या दिवशी काकांच्या पुढं नंबर लावायला धडपडायचे. आजीचे हात थरथरायचे म्हणून आई एका बाजूनं ताटाला हात लावून उभी राहायची, आणि खीर सांडेल म्हणून बाबांना दटावायची.

एका नातीनं कौतुकानं तिला जाड पुठ्ठ्याची वही आणून दिली होती, "आजी, तुझ्या आठवणी लिहून ठेव." आजीनं त्यात भिशीचा हिशेब लिहिला. मला ते बरोबरच वाटतं. आठवणी लिही म्हटल्यावर माणूस जे लिहितो त्यात निम्मं शोभेचं असतं. चौकटीत शोभेला जागाच नाही.

ती गेली मार्गशीर्षात, शुद्ध सप्तमीला. श्राद्ध तिथीनं. परदेशातल्या चुलतभावानं फोनमध्ये इंग्रजी तारीख टाकून दरवर्षीची आठवण लावली, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा 'आजीची आठवण येतेय' हा मेसेज आला तेव्हा आमच्याकडचं जेवण होऊन भांडीसुद्धा घासून झाली होती. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी तोकडं, त्यामुळे तिथी मागं सरकत जाते आणि अधिक महिना आला की एकदम पुढं उडी मारते. धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्या बाईला एका तारखेवर कोण बसवणार? भाऊ आता सरळ आईला विचारतो, आई कालनिर्णय बघून सांगते.

जुनी पानं फारशी उरलेली नाहीत. वर्ष संपलं की त्यांची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची, उरलेली फडताळात डब्यांखाली अंथरली जायची. परवाच्या श्राद्धाला आईनं फडताळ आवरलं तेव्हा हिंगाच्या डबीखालून एक पान निघालं, तेलकट, कडेला हळदीचा गोल डाग. वर्षाचा आकडा कापलेला. एका चौकटीत लिहिलेलं: 'बा. प. सु.'

पानं वाढलेली तशीच राहिली. काकांचं म्हणणं, बाळूचा पगार सुरू. बाळू म्हणजे तेच. आत्या म्हणाली, कसला तुझा पगार, बारीक पोहे, सुटे. बाबांनी चष्मा पुसून बघितलं आणि जाहीर केलं, "बाळंतपण सुखरूप." मग कुणाचं बाळंतपण यावर अळूची भाजी गार होईपर्यंत वाद. शेवटी आत्यानं पान घडी घालून पर्समध्ये टाकलं, सगळ्यांना झेरॉक्स काढून पाठवते म्हणाली. अजून पाठवलेली नाही. काकांनी दोनदा फोन केलाय. त्यांच्या मते पुरावा दडपला जातोय.