ब्रेकमधली एअर काढताना घाई करू नका

दोनदा पंप मारला की लागतो ना ब्रेक, मग चालतंय की, असं म्हणत ताम्हिणीच्या उताराला लागणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. अरे, समोर अचानक म्हैस आली तर दुसरा पंप मारायला वेळ कुठून आणणार?

पहिल्या दाबाला पेडल मऊ लागतं, खाली जातं आणि पंप मारल्यावर वर येऊन कडक होतं, म्हणजे बहुतेक वेळा लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपांत, एअर (हवा) धरलेली असते (मागच्या ड्रम ब्रेकचं सेटिंग लूज असलं तरी पेडल असंच खाली जातं, ते आधी बघून घ्या). ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो, पण हवा दाबली जाते, मग तुमचा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो.

रविवारी आमच्या जुन्या मारुती ८०० चे पुढचे रबरी ब्रेक पाइप बदलले, त्यामुळे एअर काढणं आलंच. सीटवर धाकटी बहीण, चाकापाशी मी. निप्पलला, म्हणजे चाकापाशी ब्रेकमधलं ऑइल आणि हवा बाहेर सोडायच्या छोट्या पोकळ स्क्रूला, रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कडा मारल्या जातात आणि मग निप्पल हलता हलत नाही. निप्पलवर पारदर्शक नळी चढवायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. मी म्हणणार "दाब", ती सावकाश दाबून "धरलंय दादा" म्हणणार, मग मी निप्पल पाव आटा सोडणार, नळीतून आधी फेसाळ, चहासारखं काळपट ऑइल येतं, पेडल खाली जातं, आणि निप्पल आवळून मी "सोड" म्हणेपर्यंत तिने पाय उचलायचाच नाही. सगळी गोम इथेच आहे, पाय आधी उचलला की हवा उलटी आत. धडाधड पंप मारत बसलात तर मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि ते निघता निघत नाहीत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा मुख्य पंप) सील नेहमी जात नाही तिथपर्यंत जातं आणि आतल्या गंजावर घासून फाटतं.

मधे मधे मास्टर सिलेंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल बघत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. काढलेलं ऑइल परत ओतू नका, कितीही स्वच्छ दिसू दे. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार हवेतलं पाणी ओढून घेतात, नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते, आणि घाटात ब्रेक तापून ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, ती हवेसारखीच दाबली जाते. आमच्याकडे पावसाळा बघता मी तर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलतोच. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

चाकांचा क्रम साधारण मास्टर सिलेंडरपासून लांबचं चाक आधी असा, पण काही गाड्यांना वेगळा असतो, मॅन्युअल बघा. काम झालं की इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा, हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी लीक आहे किंवा मास्टर सिलेंडर गेलाय, गाडी बाहेर काढू नका. आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्येच हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत हाताने ती निघत नाही, ज्याच्याकडे त्या गाडीला चालणारा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आहे त्याच्याकडेच जा.