पुढच्या वर्षी आपल्या घरी

३० जानेवारी म्हटलं की शाळेपासून मला अकराचा भोंगा आणि दोन मिनिटांचं मौन आठवतं. सायप्रसमध्ये चार वर्षं काढली आणि त्या दिवसाला आणखी एक आठवण चिकटली. संत्र्याच्या सालीचा वास येणारा मोठा गोल केक आणि त्याच्या पोटात दडवलेलं जुनं नाणं.

माझी नोकरी लिमासोलच्या जहाज कंपनीत, घर मात्र लार्नाकात. वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे. आम्ही त्यांना पाप्पू म्हणायचो, म्हणजे आजोबा, आणि त्यांच्या बायकोला याया. २००८च्या जानेवारीत एका संध्याकाळी पाप्पूंनी दारावर टकटक केली. "कोप्यास्ते," म्हणाले. या, आमच्याबरोबर बसा. सायप्रसमध्ये हा शब्द ऐकल्यावर नाही म्हणायची सोय नसते.

त्यांनी आम्हाला त्यांच्या सोमातिओत नेलं. सोमातिओ म्हणजे फुटबॉलचा क्लब, पण आपल्याकडच्या मंडळाला जितके अर्थ आहेत तितके त्यालाही. संघ, बसायची जागा, वर्गणी, लग्न जमवणं, भांडण मिटवणं, सगळं त्यात येतं. हा क्लब अनॉर्थोसिस फामागुस्ता. लार्नाकात असूनही नाव फामागुस्ताचं का, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

अनॉर्थोसिस या शब्दाचा अर्थ पुन्हा उभं करणं. ३० जानेवारी १९११ रोजी फामागुस्ता शहरात संस्था निघाली ती वाचनालय म्हणून. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही किती गावांत आधी वाचनालय झालं आणि मग त्याच ओसरीवर नाटक, तालीम, उत्सव आले! फुटबॉल तिथे नंतर आला. १९३४ साली सायप्रसचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापकांत हा क्लब होता. १९५०ला पहिलं लीग विजेतेपद मिळालं आणि १९६३पर्यंत एकूण सहा झाली. पहिल्या विजेतेपदाच्या पुढच्याच वर्षी, १९५१ला, ते चेतिन्काया या तुर्की सायप्रियट, म्हणजे बेटावरच्या तुर्कीभाषक लोकांच्या, संघाने जिंकलं, हे पाप्पू आवर्जून सांगायचे. "तेव्हा आम्ही एकाच मैदानावर खेळायचो. त्यांचा गोलकीपर चांगला होता," एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे. १९५५ला तुर्की सायप्रियट संघ वेगळे झाले आणि त्यांचा स्वतंत्र महासंघ निघाला.

मग १९७४चा ऑगस्ट. तुर्की सैन्य आलं, लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी शहर सोडलं. चार दिवसांत परत येऊ असं वाटत होतं, म्हणून यायांनी वाळत घातलेले कपडेही काढले नव्हते. शहराचा वारोशा हा समुद्राकाठचा भाग सैन्याने कुंपण घालून बंद केला. हॉटेलं, शाळा, संत्र्यांच्या बागा, क्लबचं मैदान, सगळं मागे राहिलं. बेटावर दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट बेघर झाले, आणि तुर्की सैन्याच्या ताब्यातल्या उत्तरेकडे जाताना हजारो तुर्की सायप्रियटांचीही गावं सुटली. फामागुस्ताची नगरपालिका आजही आहे, पण तिचं कार्यालय लिमासोलला. आणि क्लब लार्नाकाला. १९८६मध्ये त्यांनी इथे सुमारे दहा हजार माणसं बसतील असं स्वतःचं मैदान बांधलं. निर्वासितांनी राहत्या घरांच्या जोडीला मैदानही उभारावं, याचं मला आधी नवल वाटायचं. दोन-तीन जानेवारी तिथे काढल्यावर वाटेनासं झालं.

त्या संध्याकाळचा क्रम ठरलेला. आधी कॉफी. कुणी स्केटो, म्हणजे बिनसाखरेची, कुणी मेत्रियो, म्हणजे मध्यम गोड. मग भिंतीवरच्या जुन्या मैदानाच्या फोटोखाली टेबलं मांडली जायची, आणि माणसं बसायची ती गल्लीनुसार! शाळेमागचे एका टेबलावर, बंदराकडचे दुसऱ्यावर. चौतीस वर्षांपूर्वी सुटलेल्या गल्ल्यांनी इथे टेबलं धरलेली. बोलण्यातही भूतकाळ नाही. "आमचं घर समुद्रापासून दोन मिनिटांवर आहे." "त्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला महाग देतो." लार्नाकात जन्मलेलं पोरही "तू कुठला?" विचारल्यावर फामागुस्ता म्हणायचं. ग्रीकमध्ये या शहराला आम्मोखोस्तोस म्हणतात. त्याचा अर्थ वाळूत लपलेलं.

मग वासिलोपिता, नव्या वर्षाचा केक. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मारियेचा. त्यानंतर कापणारे पाप्पू थोडे थांबायचे आणि तिसरा तुकडा शहराच्या नावाने काढायचे. तो खोलीतल्या सगळ्यांत लहान मुलाला मिळायचा. बाकीचे वाटले जायचे, आणि ज्याच्या तुकड्यात नाणं निघेल त्याचं वर्ष भाग्याचं.

त्या २००८च्या जानेवारीतच सायप्रसने पौंड सोडून युरो घेतला होता. नाणंही युरोचं घालावं असं कुणी सुचवलं, त्यावरून चांगलीच बाचाबाची झाली. आतलं नाणं पन्नास मिलचं होतं, एका बाजूला द्राक्षांचा घड असलेलं, पौंडाचे हजार मिल होते त्या काळातलं. शहर सोडताना पाप्पूंच्या पँटच्या खिशात ते राहून गेलं होतं. ज्याला मिळेल त्याने वर्षभर जपायचं आणि पुढच्या जानेवारीत परत आणायचं, हा नियम. युरोवाले हरले. मला त्याचा आनंद झाला.

निघताना सगळे एकमेकांना म्हणायचे, "के तू ख्रोनू स्ता स्पीत्या मास." पुढच्या वर्षी आपल्या घरी. मी यायांना सांगितलं की आम्हीही गणपतीला निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. त्या म्हणाल्या, "तुमचा देव येतो ना?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

त्या वर्षीचा ऑगस्ट मात्र मी कधी विसरणार नाही. नुकत्याच संपलेल्या हंगामात क्लबने तेरावं लीग विजेतेपद मिळवलं होतं. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्यांनी आधी आर्मेनियाच्या प्युनिकला आणि मग रॅपिड व्हिएन्नाला बाहेर काढलं. पुढे ऑलिंपियाकोस, ग्रीसचे विजेते! लार्नाकात ३-०. परतीच्या सामन्यात फक्त ०-१. मुख्य गटात पोचलेला सायप्रसचा हा पहिला क्लब. घरचे सामने निकोसियाच्या मोठ्या मैदानावर झाले. पनाथिनाइकोसला ३-१ हरवलं. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक मोरिन्योंचा इटलीतला संघ इंटर मिलान आला, तेव्हा पाप्पूंनी मला सोबत नेलं. ३-३! एका क्षणी आम्ही ३-२ पुढे होतो. शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या गळ्यात पडून रडत होता आणि मी त्याची पाठ थोपटत होतो. गटात शेवटी चौथेच आलो, पण सहा गुण घेऊन.

जानेवारी २००९च्या संध्याकाळी उभं राहायला जागा नव्हती. पाप्पूंनी तेव्हाच मला विचारलं, "तुझं गाव कुठलं?" मी म्हणालो, "पाण्याखाली." माझं आजोळ कोयना धरणात गेलं. मामांचं गाव नव्या जागी वसलं, देवही तिथे नेला, आणि जत्रा त्याच तिथीला भरते. पाप्पूंनी मेणबत्तीजवळची खुर्ची ओढून मला त्यांच्या गल्लीच्या टेबलाशी बसवलं. पुढच्या जानेवारीत मला बसायला कुठे जागा आहे हे विचारावं लागलं नाही.

आणि २०१०ला नाणं माझ्या तुकड्यात निघालं. वर्षभर ते माझ्या कागदपत्रांच्या डब्यात, पासपोर्टशेजारी राहिलं. नोकरीमुळे मला त्या वर्षी तीनदा भारतात यावं लागलं, तरी ते मी बेटाबाहेर नेलं नाही. हरवलं तर काय, ही भीती होतीच. पण ते तिथेच राहिलं पाहिजे असंही वाटायचं.

३० जानेवारी २०११ला क्लबला शंभर वर्षं झाली. आदल्या दिवशी मी वर जाऊन नाणं यायांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते लिंबाने घासलं, द्राक्षांचा घड चमकेपर्यंत, आणि फॉइलमध्ये गुंडाळून पिठात घातलं. दुसऱ्या दिवशी ते नऊ वर्षांच्या एका मुलीच्या तुकड्यात निघालं. तिने ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "पाप्पू, मिल म्हणजे काय?"

पाप्पूंनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. "बस," ते म्हणाले. "पन्नास मिल घेऊन आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलं की..."