34 दात्यांची कॅसेट लावून सिंहगड, पसरणी आणि आंबेनळी

पुण्यातून सायकल कुठल्याही दिशेला काढा, थोड्याच वेळात घाट आडवा येतो. कात्रज, बोपदेव, दिवे घाट, ताम्हिणी. माझ्या रोडबाईकला पुढे 50/34 चं कॉम्पॅक्ट क्रँक, म्हणजे पेडलजवळ 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रं, आणि मागे 11-28 ची कॅसेट, म्हणजे 11 ते 28 दात्यांच्या चक्रांचा संच, होती. गिअरची यंत्रणा शिमानो 105, 11 स्पीड. एकट्या बोपदेवसाठी तेवढं चालून जातं. पण डिसेंबरात आम्हा दोघी मैत्रिणींना पुण्याहून वाई, पाचगणी करत महाबळेश्वर गाठायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरून पोलादपूरहून परत वर यायचं होतं. तेही सीटमागे सामानाची बॅग बांधून. अशा प्रवासाला निघण्याआधी गिअर बदलून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे, आणि जाऊन आल्यावर ते आणखी पक्कं झालंय.

हिशोब बघा. 25 मिमीच्या टायरचं चाक एका फेरीत साधारण 2.1 मीटर पुढे जातं. 34/28 मध्ये, म्हणजे पुढे 34 आणि मागे 28 दाते असताना, पेडलच्या एका फेरीला सायकल सुमारे 2.55 मीटर सरकते, 34/34 मध्ये 2.1 मीटर. उभ्या चढावर दमलेल्या अवस्थेत वेग ताशी 6 किमीवर येतो, तेव्हा 34/28 मध्ये मिनिटाला 39 फेऱ्या होतात, 34/34 मध्ये 48. वेग तोच, पण प्रत्येक पेडलवरचा जोर जवळजवळ 18 टक्क्यांनी कमी. 39 वर सायकल अक्षरशः ढकलावी लागते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. पन्नाशीच्या आसपास फेऱ्या राहिल्या की बसल्या जागी चढता येतं, श्वासाला लय मिळते.

आपल्याकडे ग्रुप राईडला अजूनही ऐकू येतं की मोठी कॅसेट म्हणजे पायात दम नाही. हे मला अजिबात पटत नाही. गिअर निवडताना घाटाची सरासरी बघू नये. दिवसाच्या शेवटी, पाय संपत आलेले असताना, सगळ्यात उभा तुकडा कोणता येणार आहे ते बघावं आणि गिअर त्या तुकड्यासाठी असावा. व्यावसायिक शर्यतीतले सायकलपटूही मोठ्या चढांच्या दिवशी मागे मोठी कॅसेट लावतात, मग आपण कशाला लाजायचं?

आता काय बदललं ते सांगते, कारण इथेच पैसे वाया जातात. नुसती कॅसेट आणून भागत नाही, आधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, बघा. 105 च्या आर7000 मॉडेलचा आखूड केजचा (केज म्हणजे दोन पुल्या धरणारा खालचा भाग) डिरेलर, ज्यावर एसएस लिहिलेलं असतं, तो कंपनीच्या हिशोबाने 30 दात्यांपर्यंतच चालतो. लांब केजचा जीएस 34 पर्यंत. बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती लांब राहील ते ठरवणारा) आवळून एसएसवर 32 चालवणारे पुष्कळ आहेत, पण घरापासून शंभर किमीवर मला तो प्रयोग नको होता. म्हणून जीएस डिरेलर, 11-34 कॅसेट आणि नवी चेन अशा तीन गोष्टी घेतल्या. शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे लिव्हर), पुढचा डिरेलर, क्रँक सगळं जुनंच. मैत्रिणीच्या शिमानो सोराला, 9 स्पीडला, मुळातच 11-32 होती, तिला हात लावायची गरज पडली नाही.

चेन नवी का? सगळ्यात मोठं चक्र 28 वरून 34 दात्यांवर गेलं की चेन तीन-चार कड्या कमी पडते. जुनी चेन तशीच ठेवून चुकून पुढे 50 आणि मागे 34 असा गिअर पडला तर चेन ताठ होऊन डिरेलर किंवा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) मोडू शकतो. लांबी मोजायची पद्धत अशी: चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून फिरवायची, टोकं जिथे भेटतात त्याच्यापुढे आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच, सोडायचा आणि तिथे तोडायची.

कॅसेट बसवताना एक बारीक गोष्ट हमखास निसटते. शिमानोची ही 11 स्पीडची 11-34 कॅसेट 10 स्पीडच्या फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) थेट बसते, पण 11 स्पीडच्या रोड फ्रीहबवर तिच्यामागे 1.85 मिमीची रिंग घालावी लागते. ती राहिली तर लॉकरिंग (कॅसेट जखडणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हाताला खुळखुळते. चाक हातात धरून कॅसेट दोन बोटांत पकडायची आणि डावी-उजवी हलवून बघायची, लगेच कळतं. लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळायची. त्यासाठी लॉकरिंगचं टूल हवं, आणि जुनी कॅसेट काढायला चेन व्हिपही (कॅसेट फिरू न देणारं हत्यार). घरी नसेल तर हे काम मेकॅनिककडेच करून घ्या, पण शेजारी उभं राहून. मग बी-स्क्रू इतकाच फिरवायचा की वरची पुली 34 च्या दात्यांना घासणार नाही, आणि फार लांबही राहणार नाही, नाहीतर गिअर आळशीपणे पडतात. लो लिमिट स्क्रू तपासायला विसरू नका. तो सैल असेल तर डिरेलर स्पोकमध्ये जातो. शेवटी स्टँडवर हाताने पेडल फिरवत पुढे 50 आणि मागे 34 लावून बघा, डिरेलरच्या केजमध्ये थोडा बाक शिल्लक दिसला पाहिजे. मग 34/11 लावा, चेन लोंबता कामा नये.

मोठ्या प्रवासाआधी सिंहगडावर चाचणी घेतली. खडकवासला, डोणजे करत गोळेवाडीला पोचायचं आणि तिथून वर. हा चढ लांबीला फार नाही, पण मधली काही वळणं अशी उभी आहेत की 28 वर मी नेहमी सीटवरून उठायचे. या वेळी शेवटपर्यंत बसून गेले. वर पोचल्यावर पाय थरथरत नव्हते, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही निवांत खाता आलं. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, त्यामुळे उजाडताना चढायला लागा. पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती असते.

पुण्याहून निघाल्यावर खेड शिवापूर, शिरवळ हा महामार्गाचा भाग पटकन उरकायचा. इथे नव्या कॅसेटची एकमेव उणीव जाणवली. 11-28 मध्ये 13, 14, 15 असे दाते होते, 11-34 मध्ये 13 वरून थेट 15. वारा समोरून असला की मधला 14 आठवतो. शर्यत लावणाऱ्याला हे खुपेल, मला घाटात मिळालेल्या 30 आणि 34 पुढे काहीच वाटलं नाही. खंबाटकी घाटात ट्रक आपल्याइतक्याच संथपणे चढतात आणि धूर थेट तोंडावर येतो. डावी कड धरून, मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवून जा. सुरूर फाट्याला वळलं की जीव भांड्यात पडतो. वाईला जेवलो, पण पोटभर नाही, कारण पसरणी घाट गाव सोडल्याबरोबर सुरू होतो.

पसरणी म्हणजे सुमारे 12 किमीत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. उभा नाही, एकसारखा आहे, आणि दुपारचं ऊन थेट अंगावर. इथे बहुतेक वेळ मी 30 वर होते आणि 34 हाताशी होता. हा शेवटचा गिअर राखीव असणं फार मोठी गोष्ट आहे. वळणावर आतली बाजू जास्त उभी असते, तिथे दोन क्षणांसाठी 34 लावायचा, बाहेर पडलं की परत 30. खाली वाई लहान होत जाते. पाचगणीनंतर महाबळेश्वरपर्यंतचा रस्ता चढ-उताराचा आहे, संपला असं वाटून सैल सोडू नका.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी. महाबळेश्वरहून प्रतापगडच्या पायथ्याचं वाडा कुंभरोशी, पुढे पोलादपूर, एकूण 40 किमीच्या आसपास, आणि जवळजवळ 1,300 मीटर उंची गमवायची. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, वळणाआधी जोरात दाबा आणि सोडा. सकाळी धुकं असतं, विंडचीटर हवाच. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगड चढून इथे आलेल्याला त्या पाटीकडे बघून न थांबणं अवघड आहे.

परतीचा चढ कापडे गावापर्यंत सौम्य, मग घाट खरा सुरू होतो. पोलादपूरहून सकाळी शक्य तितक्या लवकर वर लागा, कोकणातली दमट हवा खालच्या टप्प्यात फार घाम काढते. दोन मोठ्या बाटल्या भरून घ्या, वाडा कुंभरोशीला परत भरता येतात. जेवणाची सोयही तिथेच. माकडांसमोर केळी बाहेर काढू नका. जुलै 2021 च्या पावसात या घाटाचं मोठं नुकसान झालं होतं, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत रस्ता चालू आहे का, हे पोलादपूर किंवा महाबळेश्वरला विचारूनच निघा.

ज्यांची सायकल 12 स्पीडच्या नव्या 105 ची आहे, त्यांना 11-34 किंवा 11-36 मूळचीच मिळते, वेगळा खर्च नाही. जुन्या 10 स्पीड शिमानो टियाग्रावाल्यांनी मात्र मॉडेल नंबर नीट वाचून डिरेलर घ्यावा, 4600 आणि 4700 चे शिफ्टर वेगवेगळ्या प्रमाणात केबल ओढतात आणि एकाचा डिरेलर दुसऱ्याला जुळत नाही. आणि नवी कॅसेट, नवी चेन लावून थेट महाबळेश्वरला निघू नका. आधी एक जवळचा चढ करा, नवी केबल टाकली असेल तर ती थोडी ताणते, बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारी कळ) अर्धा-एक फेरा फिरवला की गिअर पुन्हा जागेवर बसतात.