रायटरमध्ये छायाचित्र आणि बाण एकत्र बांधताना : माझा अनुभव

द्राक्षबागेच्या छाटणीवर आमच्या शेतकरी गटासाठी पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मजकुराची मला फारशी काळजी नव्हती. एप्रिलमधली खरड छाटणी (नव्या काड्या तयार करण्यासाठीची), ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, सबकेन म्हणजे काडीचा शेंडा मारून फुटवलेली उपकाडी कशी करायची, शेंडा केव्हा मारायचा, हे सारे गटातल्या जाणत्या बागायतदारांनी लिहून दिलेले होते. खरे काम होते ते छायाचित्रांचे. नुसता काडीचा फोटो छापून नवख्या माणसाला काहीच कळत नाही. कोणता डोळा (काडीवरची कळी, जिथून फूट येते) राखायचा आणि कात्री नेमकी कोठे लावायची, हे फोटोवर बाण काढून आणि वर्तुळात क्रमांक घालूनच दाखवावे लागते. गटाच्या संगणकावर लिब्रेऑफिस हा मोफत सॉफ्टवेअरचा संच होता, त्यामुळे पुस्तिका त्यातल्या रायटर या लेखनाच्या भागातच करायची हे ठरून गेले होते.

फोटो घालणे आणि त्यावर बाण काढणे यात अवघड काही नाही. ‘इन्सर्ट’मधून इमेज घेतली, ड्रॉइंगच्या पट्टीवरून रेघ घेतली, रेघेच्या टोकाला बाण लावला, लाल रंग दिला, की पानावर सगळे जागच्या जागी दिसते. अडचण सुरू होते ती वरच्या परिच्छेदात दोन ओळी वाढल्यावर. फोटो खाली सरकतो आणि बाण, त्याचा अँकर (वस्तू मजकुरात जेथे बांधलेली असते ती जागा) वेगळ्या ठिकाणी असेल तर, जुन्याच जागी राहून भलत्याच डोळ्याकडे बोट दाखवू लागतो. छाटणीच्या पुस्तिकेत हे चालणारे नाही, कारण बाण एका डोळ्याने चुकला तर सल्लाच बदलतो.

यावर पहिला विचार सुचतो तो दोन्ही गोष्टी निवडून त्यांचा ग्रुप करण्याचा, म्हणजे त्या एकच वस्तू म्हणून जोडण्याचा. रायटरमध्ये तो साधत नाही. बाण निवडून, शिफ्ट दाबून फोटोवर क्लिक केले, तरी दोन्ही एकत्र निवडले जात नाहीत आणि ग्रुपची आज्ञा हाती लागत नाही. मात्र दोन बाण आणि एक वर्तुळ यांचा ग्रुप निमूटपणे होतो. कारण रायटरच्या रचनेत आहे. ‘इन्सर्ट’मधून आलेले चित्र हा मजकुरात बसवलेल्या चौकटीचा, म्हणजे फ्रेमचा प्रकार मानला जातो, तर बाण, वर्तुळे आणि चौकोन चित्रणाच्या स्वतंत्र थरावर राहतात. फोटोवर क्लिक केले की इमेजची पट्टी उघडते आणि बाणावर क्लिक केले की वेगळीच पट्टी येते, यावरूनही ही दोन घराणी निराळी आहेत हे ओळखता येते. हे एकदा समजले की ग्रुपच्या मागे लागण्यात अर्थ उरत नाही.

अँकरचा मार्ग मी नीट तपासून पाहिला. फोटो आणि बाण या दोघांनाही ‘टू पॅराग्राफ’ अँकर देऊन एकाच परिच्छेदाला बांधले, तर ते बरोबर सरकतात. वस्तू निवडल्यावर दिसणारे नांगराचे छोटे चिन्ह दोघांचेही त्याच परिच्छेदाशी आहे ना, एवढे पाहावे लागते. ‘टू पेज’ मात्र अशा कामाला अजिबात घेऊ नये, कारण त्यात वस्तू पानाला चिकटते आणि मजकूर कोठेही गेला तरी ती हलत नाही. पण अँकर सारखे केल्याने सरकण्याचाच प्रश्न सुटतो. फोटो थोडा लहान केला, की बाण होते तेवढेच राहतात आणि पुन्हा एकेक जागेवर बसवावे लागतात. रिकामी फ्रेम घेऊन तिच्यात फोटो ठेवण्याचा आणि बाणांचे अँकरही फ्रेममधल्याच परिच्छेदाला देण्याचा उपायही आहे. तो रायटरपुरता बरा चालतो, पण आमच्यापैकी काहींना फाइल वर्डच्या स्वरूपात हवी होती आणि त्या रूपांतरात असली गुंतागुंतीची रचना टिकेल यावर मी विसंबलो नाही.

शेवटी स्थिरावलो ते ‘ड्रॉ’वर. लिब्रेऑफिसबरोबरच येणाऱ्या, आकृत्या काढण्याच्या या भागात चित्र आणि आकृती यांच्यात असा भेदभाव नाही. फोटो ड्रॉच्या पानावर घ्यायचा, त्यावर बाण आणि क्रमांकांची वर्तुळे काढायची, कंट्रोल-ए करून सगळे निवडायचे आणि कंट्रोल-शिफ्ट-जी दाबायचे. ग्रुप लगेच होतो. तो कॉपी करून रायटरमध्ये पेस्ट केला, की फोटोसकट सगळे एकच वस्तू म्हणून येते. या नव्या वस्तूला मी सरसकट ‘अ‍ॅज कॅरेक्टर’ अँकर दिला. मग ती एखाद्या मोठ्या अक्षरासारखी ओळीत बसते, मजकुराबरोबर जाते आणि मजकुरावर चढून बसत नाही. त्या परिच्छेदाचे ओळींमधले अंतर ‘फिक्स्ड’ नसल्याची खात्री तेवढी करून घ्यावी, नाहीतर आकृतीची फक्त एक पट्टी दिसते आणि बाकीचा भाग गेला कोठे हे कळत नाही.

ड्रॉमध्ये काम करताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब म्हणजे आकृतीचे अंतिम माप आधीच ठरवणे. ग्रुप नंतर लहान केला, तर फोटो आणि वर्तुळे लहान होतात, पण वर्तुळातला क्रमांक आणि रेघांची जाडी आहे तशीच राहते. म्हणजे वर्तुळ आकसते आणि ‘३’ त्याच्या कडेबाहेर डोकावतो. आमच्या पानावर आकृतीची रुंदी 12 सेंटिमीटर बसत होती. म्हणून फोटो आणल्याबरोबर एफ-4 दाबून, ‘कीप रेशो’वर खूण करून, रुंदी 12 सेंटिमीटर करायची आणि त्यानंतरच पहिला बाण काढायचा, असा क्रम मी लावून घेतला. छपाईसाठी इंचाला 300 बिंदू धरले, तर एवढ्या रुंदीला साधारण 1,400 पिक्सेल पुरतात. मोबाइलचा फोटो मात्र बऱ्याचदा 4,000 बाय 3,000 पिक्सेलचा असतो. तो ग्रुप करण्याआधी ड्रॉमध्येच ‘कॉम्प्रेस’ केल्यामुळे फाइल आटोक्यात राहिली.

ड्रॉ न उघडता रायटरमध्येच काम उरकायचे असेल, तर एक युक्ती आहे. फोटोच्या प्रमाणात चौकोन काढायचा आणि ‘एरिया’च्या डायलॉगमध्ये रंगाऐवजी इमेज निवडून तो चौकोन फोटोने भरायचा. हा चौकोन चित्रणाच्या थरावरचा असल्याने बाणांबरोबर त्याचा ग्रुप होतो. मात्र भरण्याची पद्धत ‘स्ट्रेच्ड’ ठेवावी लागते, ‘टाइल्ड’ राहिली तर फोटोचे तुकडे फरशीसारखे एकाशेजारी एक दिसू शकतात. शिवाय चौकोनाचे प्रमाण थोडे जरी चुकले तरी काडी फुगलेली किंवा दबलेली दिसते. एखाद-दुसऱ्या आकृतीसाठी मी हे जरूर करीन, संपूर्ण पुस्तिकेसाठी नाही.

आकृतीतल्या देवनागरी अक्षरांनी थोडा वेळ घेतला. ‘ओलांडा’ (वेलीची आडवी मुख्य फांदी), ‘सबकेन’, ‘येथे काप’ असे शब्द आकृतीत लिहिल्यावर फॉन्टचा आकार बदलूनही ते लहान-मोठे होईनात. ‘कॅरेक्टर’च्या डायलॉगमध्ये रोमन लिपी आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट यांच्या निवडी वेगवेगळ्या असतात आणि देवनागरीसाठी दुसऱ्याच ठिकाणी आकार बदलावा लागतो. तेथे नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट आणि 10 पॉइंट ठरवून दिल्यावर सगळ्या आकृत्या एकसारख्या दिसू लागल्या.

गटातले एक सदस्य वर्ड वापरतात. त्यांच्याकडे गोष्ट तुलनेने सोपी आहे, पण तेथेही अट आहेच. चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’, म्हणजे अक्षरासारखे ओळीत बसलेले, असेपर्यंत ते बाणांबरोबर ग्रुप होत नाही. रॅपिंग, म्हणजे चित्राभोवती मजकूर बसण्याची पद्धत, ‘स्क्वेअर’ किंवा तसेच दुसरे काही केले, की कंट्रोल दाबून सगळे निवडता येते आणि ग्रुप करता येतो. मी त्यांना ‘शेप्स’च्या यादीत अगदी तळाशी असलेला ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ घेण्यास सुचवले. चित्र आणि बाण त्या कॅनव्हासवर ठेवले आणि कॅनव्हासच ओळीत बसवला, तर ग्रुपची फारशी गरजही पडत नाही.

छापखान्याला आम्ही पीडीएफ दिली, कारण तीत फॉन्ट बरोबर जातात आणि पाने हलत नाहीत. ड्रॉच्या मूळ फाइली मात्र मी प्रकरणवार नावे देऊन जपून ठेवल्या आहेत. पुढच्या हंगामात अधिक स्पष्ट फोटो मिळाले, तर त्या फाइलीत एफ-3 दाबून ग्रुपच्या आत जाता येईल आणि चित्रावर उजवे क्लिक करून ‘रिप्लेस’ने नवा फोटो बसवता येईल. नवी काडी जुन्या काडीच्या जागी तंतोतंत येणार नाही, त्यामुळे बाण थोडे सरकवावे लागतील. वर्तुळे, क्रमांक आणि शब्द मात्र तयारच असतील.