पांढरा फलक: करड्या तोंडांचा सोक्षमोक्ष (आणि बेत पुन्हा बदलला)

लाकडी दांड्यांच्या तिरक्या कापांचा जो पांढरा फलक करतेय, त्यावरच्या कापांची करडी तोंडं गेली! निदान चाचणीच्या फळीवरून तरी गेली. मोठ्या फलकाचं काय ते खाली सांगते, कारण तिथे लिहिता लिहिता बेत बदललाय.

गाडं कुठे अडलं होतं ते मागच्या नोंदीत आलंच आहे. ब्राझीलचा शिल्पकार सर्जिओ दे कामार्गो याच्या धर्तीवर गोल दांड्यांचे तिरके काप, १८ मिमी मरीन प्लायवर दाटीवाटीने बसवलेले, सगळं एकाच मॅट पांढऱ्यात. दिवसाउजेडी फलक झकास दिसायचा. संध्याकाळी एका बाजूने दिवा लावला की दांड्यांची गोल अंगं शुभ्र आणि कापलेली तोंडं मळकी, करडी. म्हणजे नेमकं उलटं. कामार्गोच्या सफरचंदाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे: जवळजवळ अर्धं सफरचंद कापून काढलं, मग खाण्यासाठी दुसऱ्या कोनातून एक काप घेतला, आणि दोन सपाट्या एकमेकींना भिडल्यावर उजेडाचं काय होतं ते त्याला दिसलं. १९६३ मध्ये पॅरिसला त्याची लाकडी रिलीफं (फळीवरची उठावाची शिल्पं) सुरू झाली ती तिथून. सगळी मदार त्या कापलेल्या तोंडावर. तेच मळकं दिसलं तर उरतं काय?

थोडं गणित मांडते. दिवा फलकाच्या पातळीपासून ३० अंशांवर असेल, तर सपाट फळीवर सरळ पडणाऱ्या उजेडाच्या निम्माच उजेड मिळतो. दिव्याकडे ४५ अंश कललेल्या तोंडावर तो ९७ टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढंच उलट कललेलं तोंड पूर्ण सावलीत. त्याला मिळतो तो फक्त शेजाऱ्यांवरून उसळून आलेला. शिवाय ३० मिमी उंचीच्या तुकड्याची सावली ५२ मिमी लांब. म्हणजे पांढऱ्या एका डब्यातून इतक्या छटा फुकट मिळतात, पण अट एकच: रंगाचा पोत सगळीकडे सारखा हवा. कुठे चमक, कुठे खरखर असं झालं की डोळ्याला कोन दिसत नाही, रंगकाम दिसतं.

खोट कापात होती. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. आडवं कापलं की सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. पाण्याच्या रंगातलं पाणी आणि चिकटवणारा अंश आत ओढला जातो, वर उरतो विरळ थर. दिव्याकडे तोंड केलेल्या कापांवर त्यातून लाकडाचा तपकिरी डोकावतो. बाजूला कललेल्या कापांवर वेगळीच पीडा, तिथे उजेड घासून जातो आणि पाण्याने फुगून उभा राहिलेला एकेक तंतू स्वतःची बारीक सावली पाडतो. ब्रिटिश चित्रकार बेन निकल्सनला हा ताप फारसा झाला नसणार. लंडनच्या टेट संग्रहालयातलं त्याचं १९३५ चं पांढरं रिलीफ महोगनीच्या टेबलाच्या फळीत कोरलेलं आहे. कोरलेल्या भागाचा तळ फळीच्या रेषेतच राहतो, नळ्यांची तोंडं उघडतात ती फक्त कोरलेल्या आकारांच्या कडांना. आपण मात्र तोंडंच मांडून बसलोय.

जास्त हात द्या, हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. दिले. तोंडं पांढरी होईपर्यंत कडा गोल झाल्या, आणि कड बोथट झाली की सावलीची रेघही मऊ पडते. वुड प्रायमरचं तेच. सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) झकास बसतो, पण माझ्याकडच्या पाण्याच्या रंगाचं त्याच्यावर जमेना. नखाने ओरखडा काढला की साल निघायची. शेवटी कामी आली ती जुनी चपडी, म्हणजे लाख (शेलॅक). स्पिरिटमध्ये विरघळवून, बरणी हलवायची नाही, मेण खाली बसू द्यायचं आणि वरचं नितळ तेवढं घ्यायचं. मेण राहिलं तर वरचा रंग धरत नाही. तोंडांवर दोन पातळ हात, मध्ये ३२० चा पॉलिश पेपर, मग खडूची पूड आणि सरस यांचा पातळ लेप, पुन्हा पेपर, मग रंग. पाइनच्या गाठींतून पिवळे डाग वर यायचे, तेही चपडीने अडवले.

पण हे सगळं तुकडा सुटा असतानाच शक्य. फलकावर चिकटवल्यावर ब्रश आत जात नाही, आणि स्प्रे मारला तर पुढच्या तुकड्याच्या आडोशाला मागचा कोरडा राहतो. आधी रंगवून चिकटवावं, तर बुडाला कोरं लाकूड हवं; तिथे चपडीचा थेंब ओघळला की गम धरत नाही. आणि कोरं ठेवलं तरी बूडही कापलेलंच तोंड, तेही गम पिऊन टाकतं. मागच्या फलकावरचे तुकडे गळाले ते यामुळेच.

तर आता खुंटी! बुडाला ८ मिमीचं भोक, त्यात खाचांची तयार खुंटी. खुंटी चिमटीत धरून अख्खा तुकडा चपडीत बुडवायचा, भोकं पाडलेल्या फळीवर उभा करायचा, वाळला की घासायचा, तसाच पांढऱ्यात बुडवायचा. ब्रशच्या रेघा नाहीत, ओघळ उतरतात ते बुडाकडे, जिथे कुणी बघणार नाही. आणि सांधा आता खुंटीच्या अंगावर, बुडाच्या तोंडावर नाही. तिरक्या बुडाला काटकोनात भोक पाडायचं कसं, हा प्रश्न उभ्या व्ही खाचेच्या ठोकळ्याने सुटला: मायटर सॉवर (कोनात कापणाऱ्या करवतीवर) जो कोन ठेवला (माझे २२.५ आणि ४५) त्याच कोनाची पाचर ठोकळ्याखाली, की बूड ड्रिलच्या खाली सपाट येतं. पहिला बुडवलेला तुकडा दिव्याखाली धरला तेव्हा तोंड कुठलं आणि अंग कुठलं हे फक्त उजेडावरून कळत होतं. मी तो बराच वेळ हातात फिरवत बसले.

पावसाळ्याचा प्रश्नही आपोआप मिटावा. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे गोल दांडा जरा लंबगोल होतो. दोन तुकड्यांवरून एकसंध रंग गेला असेल तर तो तिथेच तडकणार. सुटे रंगवलेले तुकडे आपापले फुगोत. प्लायच्या पाठीलाही तेवढेच हात द्या, नाहीतर फळी वाकते.

थोडं सामानाबद्दल. झाडूचे नीलगिरीचे दांडे स्वस्त, पण गोलाई नावापुरती. एका दुकानातून ‘बीच’ जातीचं लाकूड म्हणून आणलेल्या जुडीत निम्मं रबरवुड निघालं; तक्रार नाही, रबरवुड कापायला सुरेख, पण भाव बीचचा का? सगळ्यात समाधान दिलं ते कांताऱ्याने: हव्या त्या जाडीचे दांडे, आणि लाकूड कोणतं ते खरं सांगितलं. सॉ कुठलाही चालेल, पैसे पात्यावर घाला; १० इंची पात्याला ८० दात हवेत, त्याखाली तोंडाच्या कडेला कुसळं निघतात.

‘सरळ काळा मार, नेव्हलसनसारखा’ हा सल्लाही आला होता; म्हणजे अमेरिकन शिल्पकार लुईस नेव्हलसन. तिचं १९५८ चं काळं लाकडी ‘स्काय कॅथीड्रल’ मलाही आवडतं, पण काळ्यात सावल्या एकमेकींत विरघळतात, मला त्या सुट्या हव्यात. आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात तिने अख्खी पांढरी मांडणी केली होतीच की.

आता बेत का बदलला ते. खुंट्या कोरड्या बसवून बघताना लक्षात आलं की तुकडा खुंटीवर फिरतो. वळवत नेला की तेच तोंड ९७ टक्क्यांवरून निम्म्यावर येतं, आणखी वळवला की अंधारात. म्हणजे रचना कागदावर ठरवायची गरजच नाही. दिवा लावून फलकावरच ठरवता येते. मग गम कशाला? अडचण अशी की कललेला तुकडा फिरताना शेजाऱ्याला धडकतो, आणि कामार्गोची खरी मजा तर दाटीत आहे. म्हणून आत्ता असं ठरवतेय: डावीकडचा दाट घोळका मागून स्क्रू मारून पक्का, उजवीकडे विरळ होत जाणारा भाग नुसत्या खुंट्यांवर, फिरता. खुंटी घट्ट बसावी पण फिरावी यासाठी तिला मेण लावून बघते. पावसाळ्यात ती फुगून अडकेल, तेव्हा भोक ८.५ चं करावं का? कुणी केलं असेल तर सांगा.

आणि एक खूळ. अर्जेंटिनाचा कलाकार लुइस टोमासेलो पांढऱ्या ठोकळ्यांच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूंना रंग द्यायचा आणि पाठीमागच्या पांढऱ्यावर त्याची नुसती आभा पडायची. फिरत्या तुकड्यांच्या बुडाकडच्या बाजूला नारिंगी दिला तर वळवल्यावर आभाही सरकेल. मोठ्या फलकावर नाही. आधी चाचणीच्या फळीवर, तेही नारिंगी आणि लिंबू पिवळा शेजारी शेजारी लावून.