बघायला गेलो पाखरं, भेटली जळू

दिवाळीनंतरच्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. पहाटे पाचला नाशिक सोडलं आणि चापडगावच्या मनोऱ्यावर तासभर दुर्बीण लावून बसलो. जांभळ्या पाणकोंबड्या ढिगानं, बदकं ढिगानं, रोहित (फ्लेमिंगो) मात्र एकही नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावर बंधारा झाला, मागं गाळ साचला, त्या उथळ पाण्यावर पाखरं जमली आणि 2020 मध्ये ही जागा राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी काय वेगळं लिहिणार.

परतताना सायखेड्याच्या अलीकडे नदीकडे उतरणारी गाडीवाट दिसली. खाली भोई लोकांची चार-पाच घरं होती. काठाला थर्माकोलचा तराफा, निम्म्या पात्रावर पाणवेली. एक आजी ओट्यावर मासळी निवडत बसल्या होत्या. निवडण्यासारखं फार नव्हतंच, सगळी चिलापी. शेजारी झाकण ठेवलेली एक बादली.

"त्याच्यात काय आहे आजी?"

"मरळ. बाळंतिणीची हाये, इकायची नाय."

झाकण सरकवून दाखवली. हातभर लांब, काळपट, सापासारखं डोकं. बघता बघता वर आली, तोंड उघडून हवेचा घोट घेतला आणि परत तळाला. मरळ कल्ल्यांबरोबर वरची हवाही घेते, म्हणून ती थोड्या पाण्यात दिवसभर जिवंत राहते. माशाला काटा कमी, अंगात मांस भरपूर. बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्याला मरळीचा रस्सा द्यायचा, जखम लवकर भरते, असं आजींचं म्हणणं. मला ते पटलं. आठवडाभर पातळ भात खाणाऱ्या माणसाला ताजी मासळी मिळाली तर तो उभा राहणारच.

हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीचं पिल्लू औषधासकट गिळायला देतात, तेही मी आजींना सांगितलं. बथिनी घराण्याचं ते औषध घ्यायला जूनमध्ये तिथं रांगा लागतात आणि मासे न खाणाऱ्यांना तेच औषध गुळातून मिळतं. आजी हसल्या. "मृगाला आमी हिंग-गूळ खातो. जित्ता मासा कोन गिळन?"

सर्दी-खोकल्याला त्यांच्याकडे खेकडा. काळा खेकडा नांग्यांसकट पाट्यावर ठेचायचा, पाणी घालून फडक्यातून गाळायचा आणि ते पाणी ढवळत ढवळत उकळायचं. वर दाट साका धरतो, मग लसूण-मिरीची फोडणी. "चांगलं खदखदू द्यायचं," हे त्यांनी तीनदा बजावलं. त्यात शहाणपण आहे. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारी एक कृमी असते, ईशान्येकडे तिचे रुग्ण सापडतात. खोकल्यातून रक्त पडतं आणि डॉक्टरसुद्धा आधी टीबीच समजतात.

इथवर आजी मोकळ्या बोलत होत्या. कासवाचा विषय मी काढला आणि आवाज खाली आला.

"माह्या सासऱ्याच्या वक्ताला दम्याला कासवाचं रगत द्यायचे. आता नाय कोन." सांधेदुखीवरच्या घोरपडीच्या तेलाबद्दल विचारलं तर त्यांनी रस्त्याकडे बघितलं, उत्तर दिलं नाही. मऊ पाठीचं कासव काय, घोरपड काय, 1972 च्या वन्यजीव कायद्यात दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. हात लावला तरी तुरुंग. मला विचाराल तर या तेलाच्या बाटलीत काय असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. 'हत्ताजोडी' म्हणून दुर्मिळ मुळी विकतात ना, ती मुळी नसून घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी एका काकांना सांगून बघितलं, ते अजून बोलत नाहीत.

आजींच्या स्वतःच्या गुडघ्याला मात्र मेडिकलमधली ट्यूब होती. ओट्याच्या कोनाड्यात, तंबाखूच्या पुडीशेजारी.

तराफ्याचा फोटो काढायला पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरलो. बाहेर आलो तर पोटरीला ओल्या चामड्याच्या तुकड्यासारखं काहीतरी. दुखलं अजिबात नव्हतं. मी ओढायला गेलो तसा आजींचा नातू ओरडला, "दादा, ओढू नका!" त्यानं कोनाड्यातली पुडी आणून चिमूटभर तंबाखू त्यावर चोळली. जळू गोळा होऊन खाली पडली. वैद्य लोक हळद वापरतात, तत्त्व तेच.

सुश्रुतानं जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. जळू लावून रक्त काढणं हा सगळ्यात नाजूक उपाय म्हणून राजे, लहान मुलं, म्हातारी आणि भित्री माणसं यांच्यासाठी तो राखून ठेवलाय. मी यातल्या कुठल्या गटात बसलो ते सांगत नाही.

जळू गेली, रक्त काही थांबेना. तिच्या लाळेत हिरुडिन असतं, ते रक्त गोठू देत नाही. द्राक्षबागा मागं पडल्या, ओझर गेलं, आडगाव नाक्याला आलो तरी मोजा भिजतच होता. घरी धुऊन बघितलं तर तीन फाट्यांची बारीक खूण, मर्सिडीजच्या बिल्ल्यासारखी. जळूला तीन जबडे, त्यांचे तीन काप.

आईनं हळद दाबली आणि म्हणाली, "शेजारच्या काकू यासाठी आयुर्वेदवाल्याकडे पैसे मोजून येतात. तुला फुकटात लागली."