पांढरा बॉल कुठे थांबतो

पूल पार्लरमध्ये वाहवा मिळते ती बहुतेक वेळा भलत्याच शॉटला. कुणीतरी सगळा जोर काढून लांबचा बॉल थाडकन पॉकेटमध्ये घालतो, मित्र ओरडतात, आणि तोवर काठीने मारायचा तो पांढरा बॉल टेबलभर भटकून नेमका दोन बॉलच्या मागे जाऊन दडलेला असतो. पुढचा शॉट नाहीच. खरा खेळाडू असतो शेजारच्या टेबलावर. त्याचे शॉट इतके सोपे दिसतात की बघायला मजा येत नाही. प्रत्येक शॉट सोपा, कारण आधीच्या शॉटने तो सोपा करून ठेवलेला.

कॅरमवर वाढलेल्या आपल्या हातांना हे जरा उशिराच कळतं. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलायचा आणि आपल्या रेषेवर हवा तिथे ठेवायचा. पूलमध्ये पांढरा जिथे थांबला तिथूनच पुढचं. म्हणजे नेम हा निम्माच खेळ. पांढऱ्याला मध्याच्या खाली टोचलं तर तो मागे येतो, वर टोचलं तर पुढे धावतो, आणि कसलीच फिरकी न घेता दुसऱ्या बॉलवर तिरका आदळला तर त्या दुसऱ्याच्या वाटेशी काटकोन करून निघून जातो. हे काटकोन हिरव्या कापडावर आखल्यासारखे दिसू लागले की माणूस बरा खेळायला लागतो.

बरा. अष्टपैलू नव्हे. कारण पूल हा एकच खेळ नाही. नाईन-बॉलमध्ये सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी लावायचं, नऊ नंबरचा गेला की रॅक, म्हणजे एक डाव, संपला. तिथे ब्रेक, म्हणजे डाव फोडणारा पहिला शॉट, आणि चढाई. स्ट्रेट पूलमध्ये कुठलाही बॉल, कुठलंही पॉकेट, फक्त आधी सांगून, तिथे चिकाटी. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने 1954 साली ओहायोत न चुकता सलग 526 बॉल घातले होते. 2022 मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने 714 घातले. बँक पूलमध्ये प्रत्येक बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, आपटूनच घालायचा, समोर उघडं पॉकेट दिसत असलं तरी.

आणि मग वन-पॉकेट. सहातलं एकच पॉकेट तुमचं, एक प्रतिस्पर्ध्याचं, बाकीची चार शोभेला. आपल्या पॉकेटात आधी आठ बॉल घालेल तो जिंकला. इथे बराचसा वेळ बॉल न घालण्यातच जातो. समोरच्याला काही म्हणजे काही सुचू नये, अशा जागी पांढरा नेऊन ठेवायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचं. माझ्या मते खरी परीक्षा हीच. चढाई करणाऱ्याला हात आवरायला लावणारा दुसरा खेळ या टेबलावर नाही. आपल्याकडे तो रुजणं कठीण. तासाचं मीटर चालू असताना सेफ्टी, म्हणजे असा बचावाचा शॉट, खेळणारा माणूस मित्रांना परवडत नाही.

या सगळ्यांत पारंगत म्हणून एकच नाव घ्यायचं तर मी एफ्रेन रेयेसचं घेईन. फिलिपिन्सचा, जन्म 1954. 1999 मध्ये नाईन-बॉलचा विश्वविजेता, 2004 मध्ये एट-बॉलचा. अमेरिकेतल्या डर्बी सिटी क्लासिकमध्ये नाईन-बॉल, बँक आणि वन-पॉकेट तिन्ही मिळून जो सरस ठरतो त्याला वेगळा किताब असतो. तो याने पाच वेळा घेतला. (आपल्याकडे असा दुहेरी हात पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीचा. बिलियर्ड्स आणि स्नूकर, दोन्हींत जगज्जेता. पण ती टेबलं वेगळी.)

रेयेसचं मूळ मला रोटेशनमध्ये दिसतं. फिलिपिन्समध्ये हा खेळ मुरलेला आहे. पंधरा बॉल, लहान आकड्यापासून क्रमाने लावायचे; जेवढा आकडा तेवढे गुण, 61 झाले की जिंकलात. एवढ्या गर्दीत पुढचा बॉल सारखा कुणाच्या तरी आड जातो, म्हणून कुशनवरून वळसा घालून त्याला गाठणं अंगवळणी पडतं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या नाईन-बॉलच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध बॉल असाच आड गेला होता. नुसता स्पर्श झाला असता तरी लोकांनी मान डोलावली असती. रेयेसने दोन कुशनांवरून झेडच्या आकारात पांढरा नेला आणि तो बॉल पॉकेटमध्ये घातला.

पुढच्या वर्षी हाँगकाँगला हेच दोघे पुन्हा भिडले. आधी 120 रॅक जिंकेल त्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. सामना तीन दिवस चालला. रेयेस बराच काळ मागे होता आणि शेवटी 120–117 असा जिंकला. एरवी नाईन-बॉलचे सामने कुणी नऊ-अकरा रॅक जिंकले की आटपतात आणि एखादा ब्रेक फसला की नशिबाला बोल लावता येतो. तीन दिवस आणि दोनशे सदतीस रॅक झाल्यावर स्ट्रिकलंडला तीही सोय नव्हती.